लेन्स, रोल आणि आपलं ऊन

रेंजफाइंडर घेतलेला माणूस लेन्सवर महिनोन्‌महिने विचार करतो आणि फिल्म मात्र दुकानात जी असेल ती उचलतो. माझ्या लेखी हे दोन निर्णय नाहीतच, एकच आहे. आणि तो जर्मनीतल्या किंवा जपानमधल्या उजेडावर नव्हे, आपल्याकडच्या उजेडावर बेतायचा असतो. खालची टिपणं त्याच हिशेबाची आहेत. क्रम लागेल तसा.

*

स्वच्छ उन्हात ॲपर्चर एफ १६ आणि शटर फिल्मच्या आयएसओएवढा, हा ‘सनी सिक्स्टीन’चा नियम. मीटर नसलेले कॅमेरे पिढ्यान्‌पिढ्या त्यावर चालले. ४०० च्या फिल्मला १/५००. लायकाच्या एम मालिकेतले फिल्म कॅमेरे १/१००० वर थांबतात. म्हणजे एप्रिलातल्या दुपारी सोलापूरच्या रस्त्यावर ४०० चा रोल भरून उभं राहिलं, तर लेन्स एफ ११ पेक्षा जास्त उघडता येत नाही. १०० चा रोल असेल तर एफ ५.६. एफ १.४ च्या काचेला मोजलेले पैसे सूर्य मावळेपर्यंत बेकार बसून असतात. त्यांना कामाला लावायचंच असेल तर समोर एनडी फिल्टर चढवावा लागतो. उजेड आत यावा म्हणून एकदा पैसे द्यायचे, आणि तो येऊ नये म्हणून पुन्हा.

*

एसएलआरमध्ये आपण लेन्समधूनच बघतो, त्यामुळे मोठ्या ॲपर्चरच्या लेन्सचा एक फायदा दिवसाही मिळतो: व्ह्यूफाइंडर उजळ दिसतो. रेंजफाइंडरमध्ये बघण्याची खिडकी वेगळी. लेन्स एफ १.४ ची असो की ३.५ ची, खिडकीतला उजेड तेवढाच. उलट जाड लेन्स त्या खिडकीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात घुसते आणि चौकटीचा तुकडा खाते. मोठ्या लेन्सवर लोक भोकाचं हूड लावतात ते यासाठी. त्या भोकातून लपलेला कोपरा थोडाफार दिसतो.

*

लेन्सच्या आधी खिडकी बघावी. १९५४ च्या एम ३ चा फाइंडर ०.९१ पटीचा. नुसत्या डोळ्याला दिसतं जवळजवळ तेवढंच, म्हणून दोन्ही डोळे उघडे ठेवून फोटो काढता येतो. पण आतल्या चौकटी फक्त ५०, ९० आणि १३५ च्या. ३५ ची चौकट हवी असणाऱ्यांसाठी पुढे एम २ आला. त्यात आवर्धन ०.७२. नंतरचे बरेचसे एम कॅमेरे याच आकड्याच्या आसपास राहिले, आणि एम ६ मध्ये २८ पासून १३५ पर्यंत सहा चौकटी झाल्या.

चष्मेवाल्यांनी हे दुकानात उभं राहूनच तपासावं. ०.७२ च्या खिडकीत २८ ची चौकट चष्म्यासकट एका नजरेत मावत नाही, डोळा फिरवावा लागतो. एम ३ मध्ये ५० ची चौकटसुद्धा चष्म्यातून कडेकडेला जाते. फक्त वाचायचा चष्मा असेल तर काळजी नाही. खिडकीतलं चित्र डोळ्याला दोनेक मीटरवर असल्यासारखं भासतं, त्यामुळे तो कपाळावर सरकवला तरी चालतं.

आवर्धनावर फोकसची अचूकताही ठरते. एमच्या दोन खिडक्यांतलं अंतर सुमारे ६९ मिलिमीटर. त्याला आवर्धनाने गुणलं की कामाचं अंतर मिळतं: एम ३ ला साधारण ६३, बाकीच्यांना ५०. ९० एफ २ किंवा ५० एफ १ असल्या लेन्स पूर्ण उघडून वापरायच्या असतील तर हा फरक निगेटिव्हवर दिसतो. ३५ एफ २.८ वाल्याला तो कधीच जाणवणार नाही.

*

कार्तिए-ब्रेसाँ आयुष्यभर बहुतांशी ५० वरच राहिला. १९४८ च्या जानेवारीत तो दिल्लीत होता. ३० तारखेला दिवसा गांधीजींना भेटून आला, आणि त्याच रात्री बिर्ला हाउसच्या फाटकावर चढून नेहरू लोकांना बातमी सांगत असल्याचं त्याने टिपलेलं चित्र जगभर गेलं. ते चित्र काटेकोर स्पष्ट नाही. त्या वेळच्या फिल्मचा वेग आजच्या मानाने फार कमी होता आणि अंधार होता. तरीही त्या रात्रीचं दुसरं कुठलं चित्र चटकन आठवतं का बघा. लेन्सच्या तीक्ष्णतेवर तासन्‌तास वाद घालणाऱ्यांना मी हे एक चित्र दाखवतो.

*

तरी ५० की ३५ या जुन्या वादात मी ३५ च्या बाजूचा आहे, आणि कारण सौंदर्याचं नाही, जागेचं आहे. उभ्या माणसाला डोक्यापासून पायापर्यंत उभ्या चौकटीत घ्यायला ५० ने साधारण अडीच मीटर मागे सरावं लागतं, ३५ ने पावणेदोन. दहा बाय दहाच्या खोलीत हा फरक म्हणजे पाठीला लागणारी भिंत. चाळीतली गॅलरी, एसटीची मधली वाट, देवळाचा गाभारा, तुळशीबागेतली गल्ली: आपल्याकडे मागे सरायला जागा क्वचितच असते. ५० घेऊन फिरणारा माणूस आपल्या गर्दीत चेहरेच चेहरे जमवतो. भोवतालची जागा त्याच्या हातून निसटते.

दुसरं कारण फोकसचं. ३५ वर एफ ८ ठेवून फोकस तीन मीटरवर लावला, की साधारण १.९ ते ७.३ मीटरमधलं सगळं चालण्याइतकं स्पष्ट येतं. आणि गल्लीतल्या मोकळ्या सावलीत ४०० च्या रोलला नेमकं एफ ८ आणि १/२५० मिळतं. म्हणजे सावलीत चालताना कॅमेऱ्याच्या एकाही चाकाला हात लावायचा नाही. बघायचं आणि दाबायचं. हाच १०० चा रोल असता तर एफ ४ वर यावं लागलं असतं आणि स्पष्टतेचा पट्टा निम्म्याहूनही कमी झाला असता. लेन्स आणि फिल्म एकत्र ठरवायची म्हणतो ती अशी.

*

२८: गॅरी विनोग्रँड ती घेऊन न्यूयॉर्कच्या फुटपाथवर अगदी माणसांच्या अंगावर जायचा. १९८४ मध्ये तो गेला तेव्हा मागे अडीच हजारांच्या आसपास रोल न धुतलेले राहिले होते. २८ ची सवय लागली की असं होत असावं. सगळंच चौकटीत मावतं.

९०: चौकट लहान, पण माणसांचे चेहरे काढणाऱ्याला चालेल.

१३५: ०.७२ च्या खिडकीत टपाल तिकिटाएवढी दिसते. त्यासाठी एसएलआर घ्यावा.

*

ट्राय-एक्स ३५ मिलिमीटरमध्ये आली १९५४ साली. एम ३ सुद्धा त्याच वर्षीचा. योगायोगच, पण पुढची वीस-तीस वर्षं जगभरच्या वृत्तछायाचित्रांचा बराचसा भाग या जोडीवर आणि तिच्या भावंडांवर निघाला. इलफर्डची एचपी ५ आली १९७६ मध्ये, आणि आज मिळते ती एचपी ५ प्लस १९८९ पासून.

दोन्हींत निवडायचं तर मी एचपी ५ घेतो. ट्राय-एक्सचा कॉन्ट्रास्ट मुळात थोडा चढा असतो. ढगाळ देशात तो उपकारक ठरतो. आपल्याकडे ऊनच एवढा कॉन्ट्रास्ट घेऊन येतं की फिल्मने त्यात भर घालायची गरज नसते. एचपी ५ मवाळ आहे. तीही उन्हात ४०० ऐवजी २०० धरावी, म्हणजे एक स्टॉप जास्त प्रकाश द्यावा आणि धुताना वेळ पंधरा-वीस टक्के कमी करावा. सावलीतल्या माणसाचे डोळे दिसतात आणि मागची चुना दिलेली भिंत जळत नाही. उन्हाची ही युक्ती मोठमोठ्या लेन्सना जमत नाही.

*

टी-मॅक्स (१९८६ पासून) आणि डेल्टा या चपट्या स्फटिकांच्या फिल्म. कण बारीक, तपशील भरपूर. पण धुताना तापमान आणि वेळ यांत जरा इकडेतिकडे झालं की त्या लगेच बोलून दाखवतात. एसी असलेल्या डार्करूमसाठी उत्तम. गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्यावर काम करणाऱ्याने जुन्या पद्धतीच्या फिल्म वापराव्यात, म्हणजे एचपी ५, एफपी ४, ट्राय-एक्स.

पॅन एफ ५० चा: फोटो काढल्यावर फार दिवस ठेवू नये, आतलं न धुतलेलं चित्र फिकं होत जातं. उन्हाळ्यात तर नाहीच.

फोमापान: झेक प्रजासत्ताकातल्या ह्रादेत्स क्रालोव्हेची. इलफर्ड-कोडॅकपेक्षा स्वस्त. डब्यावरचा ४०० हा आकडा मी मानत नाही. २५० धरून वापरली की सावल्या भरतात. शिकणाऱ्यासाठी चांगली. केंटमिअरही तशीच, आणि ती इलफर्डच्या फिल्म बनवणाऱ्या हारमनचीच.

*

कुंकवाची गंमत. रंगीत डोळ्याला कपाळावरचं लाल कुंकू सगळ्यांत आधी दिसतं. पॅनक्रोमॅटिक फिल्मवर ते सावळ्या कातडीच्या करड्या रंगात बरंचसं मिसळून जातं. लाल फिल्टर लावला तर जवळपास पुसलंच जातं, कारण फिल्टर लाल प्रकाश सोडतो आणि कातडी नि कुंकू दोन्ही उजळतात. हिरवा फिल्टर लावला तर कुंकू काळंभोर ठसठशीत उमटतं, पण चेहराही गडद होतो. इलफर्डची ऑर्थो प्लस ही ८० आयएसओची फिल्म लाल रंग बघतच नाही. तिच्यावर कुंकू आणि ओठ काळे येतात, वयस्क चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती कोरून निघते. लग्नाचे फोटो ऑर्थोवर काढायचे असतील तर आधी घरच्या बायकांना विचारावं.

*

रोजच्यासाठी पिवळा फिल्टर. एक स्टॉप प्रकाश खातो, आकाश एक छटा खाली आणतो, सावळी कातडी किंचित उजळते. आपल्या मे महिन्यातलं आकाश निळं नसतंच, धुरकट पांढरं असतं. त्यावर नारिंगी लावूनही फार फरक पडत नाही आणि दोन स्टॉप मात्र जातात. नारिंगी-लाल फिल्टर ऑक्टोबरसाठी ठेवावेत. सह्याद्रीच्या कड्यावर पाऊस ओसरल्यानंतरचे ढग असतात, तेव्हा लाल फिल्टरचा नाटकीपणाही खपून जातो.

जुन्या लायका लेन्सचं बरंच कुटुंब ३९ मिलिमीटरच्या फिल्टरवर चालतं. लेन्स निवडताना हेही बघावं. तीन लेन्सना तीन मापांचे फिल्टर म्हणजे नऊ डब्या.

*

रेंजफाइंडरमध्ये आरसा नसतो. म्हणून १/१५ वरही हात स्थिर राहतो, हा फायदा सगळे सांगतात. तोटा कमी जण सांगतात: लेन्स आणि कापडी शटर यांच्यामध्ये काहीच नाही. लेन्स अनंतावर, ॲपर्चर उघडं आणि कॅमेरा बाकावर आकाशाकडे तोंड करून ठेवला, तर भिंगातून आलेलं ऊन शटरच्या पडद्याला टाचणीएवढं भोक पाडतं. पुढच्या प्रत्येक फोटोवर मग त्या जागी एक पांढरा ठिपका. आपल्या उन्हात याला फार वेळ लागत नाही. टोपण लावावं तर खिडकीतून बघताना ते लावलेलं आहे हे कळत नाही. मधला मार्ग: चालताना ॲपर्चर एफ १६ वर बंद, लेन्सचं तोंड पोटाकडे किंवा जमिनीकडे. कोसिनाच्या बेसाला धातूचं शटर आहे, तो यातून सुटतो.

*

जुन्या लेन्सबद्दल. लुडविग बेर्टेले या त्साइसच्या माणसाने १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला कॉन्टॅक्स कॅमेऱ्यासाठी ५० एफ १.५ ची झोनार रचली. सात काचा, पण तीन गटांत चिकटवलेल्या, त्यामुळे हवेला लागणारे पृष्ठभाग सहाच. काचेवर लेप देण्याची पद्धत तेव्हा रुळली नव्हती. प्रत्येक पृष्ठभाग थोडा प्रकाश परत फेकायचा. पृष्ठभाग कमी म्हणजे धुरकटपणा कमी. लायकाच्या त्या वेळच्या मोठ्या ॲपर्चरच्या लेन्स इथे मागे पडल्या.

झोनारची सोव्हिएत भावंडं म्हणजे ज्युपिटर ३ आणि ज्युपिटर ८. अजूनही तुलनेने स्वस्त. पण फोकसचं त्यांचं माप लायकाच्या मापाशी पूर्ण जुळत नाही. एक मीटरवर उघड्या ॲपर्चरला नाकावर लावलेला फोकस कानावर जातो. तीन मीटरच्या पुढे, एफ ४ वर, काही कळत नाही. त्साइसच्या नव्या सी झोनारमध्येही ॲपर्चर बंद करताना फोकस सरकतो, आणि रेंजफाइंडरच्या खिडकीत ते दिसण्याचा मार्ग नाही. झोनारच्या चाहत्यांना हे सांगून उपयोग नसतो.

१९५० मध्ये ‘लाइफ’चा डेव्हिड डग्लस डंकन टोकियोत होता. जुन मिकी या जपानी छायाचित्रकाराने निक्कोरच्या ८.५ सेंटिमीटर लेन्सने त्याचा फोटो काढून दाखवला. डंकन थेट निप्पॉन कोगाकूच्या कारखान्यात गेला, स्वतःच्या लायकांना निक्कोर लावल्या आणि त्याच वर्षी कोरियाच्या युद्धावर निघाला. तिथून आलेल्या निगेटिव्ह बघून न्यूयॉर्कने जपानी काचेला नाक मुरडणं सोडलं. त्या काळातल्या स्क्रू माउंटच्या निक्कोर आणि कॅनन लेन्स साध्या अडॅप्टरवर एमला बसतात. कॅननची ५० एफ १.८ अजून कमी किमतीत मिळते. आतली काच धुकट झालेली नसेल तर डोळे झाकून घ्यावी. आणि ती बहुधा धुकट असते, म्हणून डोळे उघडे ठेवावेत.

एक गोष्ट जुन्या काचेच्या बाजूने. आजची ॲस्फेरिकल लेन्स सावल्या ठार काळ्या ठेवते. १९५०-६० च्या एकपदरी लेपाच्या लेन्समध्ये थोडा भटका प्रकाश सावल्यांवर पसरतो आणि त्या किंचित उघडतात. पॅरिसच्या नोव्हेंबरात हा दोष, नागपूरच्या मे महिन्यात हा गुण.

*

रात्रीचं काय, असा प्रश्न येतोच. रात्री उशिराच्या लोकलच्या डब्यात ४०० ला एफ २ वर सुमारे १/६० मिळतं. तोच एचपी ५ चा रोल १६०० धरला तर १/२५०. याची किंमत काय? आयडी-११ च्या मूळ द्रावणात, २० अंशांवर, साडेसात मिनिटांऐवजी चौदा मिनिटं धुणं. सावल्यांतला तपशील जातो, कण वाढतात. पुश केल्याने फिल्मचा खरा वेग वाढत नाही, फक्त उजळ भाग वर ओढले जातात. पण लोकलच्या डब्यात सावल्या कोणाला हव्या असतात? एफ २.५ च्या लेन्सवर हा हिशेब १/१२५ च्या थोडा वर येतो, तोही पुरे. दोन स्टॉप रसायनात मिळतात तेव्हा ते काचेत विकत घेण्याआधी लेन्सची किंमत पुन्हा एकदा वाचावी.

फुलबाजारातली पहाट, विसर्जनाची मिरवणूक, तमाशाचा तंबू: हेच गणित.

*

पाणी. डब्यावरच्या सगळ्या वेळा २० अंशांच्या. विदर्भात मे महिन्यात नळाला येतं ते तिशीच्या वर. मूळ द्रावणात मग वेळ पाच मिनिटांच्या खाली घसरतो आणि फिल्म सारखी धुतली जात नाही, कडेला पट्टे येतात. उपाय दोन. एक, डेव्हलपर एकास एक पातळ करायचा. एचपी ५ ला २० अंशांवर तेरा मिनिटं लागतात, म्हणजे २४ अंशांवर कमी केले तरी हातात पुरेसा वेळ उरतो. दोन, परातीत बर्फाचं पाणी आणि त्यात टाकी. हायपो आणि शेवटचं धुणंसुद्धा त्याच तापमानाच्या जवळपास हवं, नाहीतर जिलेटिनला सुरकुत्या पडतात. शेवटचा हात डिस्टिल्ड पाण्याचा. बोअरवेलच्या पाण्याचे क्षार निगेटिव्हवर वाळले की कुठल्याही लेन्सची तीक्ष्णता त्यांना झाकत नाही.

*

आमच्या आधीच्या पिढीला फिल्म निवडण्याची चैन नव्हती. पूर्व जर्मनीशी रुपयांत व्यापार चालायचा म्हणून दुकानात व्होल्फेनची ओर्वो मिळायची; उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची इंदू मिळायची. कोडॅकचा रोल परदेशातून कोणी येणार असेल तर सांगून ठेवायचा. त्या पिढीच्या कामात फिल्मबद्दल तक्रार फारशी दिसत नाही. आता इंदू नाही, उटीचा कारखाना बंद झाला. आपण वापरतो तो प्रत्येक रोल बाहेरून येतो आणि त्याची किंमत त्याच हिशेबाने वाढते. खूप काढणाऱ्याने शंभर फुटांचा डबा घ्यावा. छत्तीसचे अठरा रोल घरी भरता येतात.

*

पैसे मोजकेच असतील तर याशिका इलेक्ट्रो ३५ किंवा कॅननेट क्यूएल १७. पहिलीत ४५ एफ १.७, दुसरीत ४० एफ १.७, दोन्ही लेन्स कायमच्या बसवलेल्या. निवडीचा प्रश्नच मिटतो. मूळ पारा-बॅटऱ्या आता मिळत नाहीत, पर्यायी बॅटरी आणि अडॅप्टर लागतो. उरलेल्या पैशांचे रोल.

आणि पैसे असतील तर? एम माउंटचा कुठलाही चालू कॅमेरा, फोग्टलेंडरची ३५ एफ २.५ कलर-स्कोपार किंवा लायकाची जुनी ३५ एफ २.८ सुमारॉन, पिवळा फिल्टर, एचपी ५. दुसरी लेन्स वर्षभर घ्यायची नाही. वर्षाने ५० हवीशी वाटली तर तेव्हा घ्या. तोवर ती कशासाठी हवी हे तुम्हाला सांगता येईल.

*

बुरशी. मुंबई, कोकण आणि गोव्यात लेन्सचं आयुष्य ठरवते ती बुरशीच. हवेतला ओलावा बराच काळ ६०-६५ टक्क्यांच्या वर राहिला की काचांच्या मध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरतात, आणि त्यांचं आम्ल लेप खातं. साफ केल्यावर धागे जातात, खाल्लेला लेप परत येत नाही. सगळ्यांत वाईट जागा म्हणजे कॅमेऱ्याबरोबर आलेली चामड्याची पेटी. चामडं ओल धरून ठेवतं. लेन्स बाहेर काढून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवावी, जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर कोरडे करून घ्यावेत. वापरातल्या लेन्सला बुरशी कमी धरते, म्हणून पावसातही आठवड्यातून एकदा तरी ती कॅमेऱ्याला लावून खिडकीत यावं.

बोरा बाजारात किंवा कुठेही जुनी लेन्स घेताना ॲपर्चर पूर्ण उघडा, मागच्या काचेतून मोबाइलचा टॉर्च तिरका मारा आणि पुढून बघा. दुकानदार ‘जरा धूळ आहे’ म्हणाला आणि ती धूळ धाग्यांसारखी दिसली, तर लेन्स खाली ठेवा आणि पुढच्या दुकानात जा.